दोरीला लागलेले हात

अक्षता कुबलला समुद्राचा कंटाळा आला होता, आणि ही गोष्ट बोलून दाखवायची सोय नव्हती. जिने उभी हयात बर्फाच्या पाण्यावर घातली, जिच्या नावाने एक यंत्र जगभर ओळखलं जातं, त्या बाईने कंटाळा आला म्हणायचं नसतं. मुलाखत घेणारे विचारायचे, "मॅडम, अंटार्क्टिकाने तुम्हाला काय दिलं?" मग ती शांततेबद्दल, भव्यतेबद्दल काहीतरी गुळगुळीत बोलायची. खरं उत्तर सांधेदुखी आणि डबाबंद राजमा असं होतं.

'हिमतरंग' हे संशोधन जहाज राखीव समुद्राच्या मधोमध उभं होतं. राखीव म्हणजे इथे मासेमारीचं जाळं टाकायला साऱ्या देशांना बंदी. बाहेर ऊन होतं. जानेवारीत इथे सूर्य मावळत नाही. बदली न आलेल्या वॉचमनसारखा आभाळाच्या कडेकडेने नुसता फेऱ्या मारत राहतो. आणि जहाजाच्या पोटाखाली, खोल काळ्या पाण्यात, अक्षताचा दिवा जळत होता.

त्या दिव्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. जहाजावर सगळे त्याला 'चूड' म्हणायचे. तिच्या गावाकडे माडाच्या सुक्या झावळ्या पेटवून खेकडे धरायला जातात, ती चूड. नाव तिनेच पाडलं होतं, चांगल्या दिवसांत.

या दिव्यामागचं विज्ञान अवघड नाही. अंटार्क्टिकाच्या समुद्रात क्रिल नावाचा जीव असतो. आपल्याकडचा जवळा डोळ्यांपुढे आणा आणि तो बोटाच्या दोन पेरांएवढा करा. दिसायला फालतू, पण तिथलं सगळं त्याच्यावर चालतं. देवमासा तोच खातो, पेंग्विन तोच खातो, सील तोच खातो. शिवाय हा जीव वरच्या पाण्यातलं शेवाळ खाऊन खोल उतरतो आणि तिथे विष्ठा टाकतो, म्हणजे हवेतला कार्बन उचलून समुद्राच्या तळघरात नेऊन पुरतो. आपल्या गाड्यांच्या धुराचा एक हिस्सा हा जीव गुपचूप गिळत आलाय, आणि त्याचं नाव आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांना माहीत नाही.

क्रिलच्या पोटाखाली निळे दिवे असतात. एक लुकलुकला की शेजारचा जवाब देतो. अक्षताने दहा वर्षं घालून ती लुकलुक वाचली. कोणत्या लयीत लुकलुकलं की 'इकडे या' असा अर्थ होतो, ते शोधलं आणि तशी लय काढणारा दिवा बनवला. दिवा पाण्यात सोडला की जवळची क्रिल येते, आणि येतायेता तीही त्याच लयीत लुकलुकते. तिचं बघून पुढची, पुढचीचं बघून त्यापुढची. हाक अशी मैलोन्‌मैल जाते. सगळा थवा दिव्यापाशी जमला की ध्वनियंत्राने त्याचं माप घ्यायचं. जाळं नको, मारणं नको, महिनोन्‌महिने डिझेल जाळत हिंडणं नको.

जगाने डोक्यावर घेतलं. दक्षिणेकडच्या समुद्रातली मासेमारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने चुडीची मोजणी हीच अधिकृत मोजणी ठरवली. त्याच मंडळाने पुढे मासेमारी कंपन्यांनाही चूड वापरायची परवानगी दिली, राखीव हद्दीच्या बाहेर. कंपन्या हद्दीबाहेर उभ्या राहिल्या. आणि त्यांचे दिवे पेटले.

"यंदाही वाढ," डॉ. शिरीष दाणी पडद्याकडे बघत म्हणाले. ते मोहिमेचे प्रमुख. नागपूरचा माणूस, बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि आता निवृत्तीला एक मोहीम उरली होती. पडद्यावर जहाजाखालचा थवा लालभडक ढगासारखा दिसत होता. "सलग चौथं वर्ष. परवाच्या बैठकीत आकडा तूच वाच. तुझं बाळ आहे."

"वाचते," अक्षता म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, आणि दाणींनीही तो शोधला नाही.

तेवढ्यात दार ढकलून सविता पावरा आत आली. पक्ष्यांची मोजणी तिच्याकडे होती. धडगावच्या डोंगरातली पोर शिकून डॉक्टरेट झाली होती, आणि तोंडावर बोलण्याबद्दल जहाजभर बदनाम होती. सकाळपासून ती पेंग्विनांच्या बेटावर होती. तिच्या बुटांना तिथला वास होता.

"मॅडम, बेटाचा रंग गेला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पेंग्विन क्रिल खातात तेव्हा त्यांची शिट गुलाबी असते. अख्खं बेट गुलाबी दिसतं, उपग्रहातून दिसतं. आता हिरवट-पांढरं पडलंय. पोटात काही नसलं, नुसतं पित्त पडलं, की असा रंग येतो. पिल्लं दगडांवर मरून पडलीत. जी जिवंत आहेत ती आईच्या चोचीत चोच घालतात आणि आई रिकामी."

दाणींनी चष्मा काढून पुसला. "बर्फ जास्त असेल. आईला लांब जावं लागत असेल."

"सर, बर्फ कुठंय? मी शर्टावर हिंडून आले." सवितानं पडद्याकडे बोट केलं. "खाली एवढं जेवण वाढून ठेवलंय म्हणता. मग बेटावर उपास कसा काय?"

सविताने बूट काढले आणि मोज्यांवर निघून गेली.

*

संध्याकाळच्या वेळेला अक्षताने घरी फोन लावला. घर म्हणजे मालवणजवळ, समुद्राला पाठ लावून बसलेलं भावाचं घर. फोन नेहमीसारखा वहिनीने उचलला. दिगंबर, म्हणजे तिचा दादा, तिच्याशी तीन वर्षं बोलत नव्हता.

कारण साधं होतं. ती शाळेत होती तेव्हा कोकणच्या समुद्रात मोठ्या बोटी एलईडी दिवे लावून उभ्या राहायच्या. हजारो वॅटचा उजेड. मासा, पिल्लं, अंड्यांनी भरलेली गाभोळीची मादी, सगळं उजेडाकडे धावायचं आणि जाळ्यात जायचं. किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या हाती शिंपले यायचे. दादाने आणि गावकऱ्यांनी अशी एक बोट दर्यात वेढली, बंदरात ओढत आणली. बोटवाला जामिनावर दुसऱ्या दिवशी सुटला. दादावर केस अकरा वर्षं चालली. त्यात त्याचं लग्न लांबलं, होडी गेली, गुडघा गेला. आणि अक्षता दिव्यांवर शिकायला परदेशी गेली. जाताना म्हणाली होती, "दादा, मी असो दिवो करतंय, जो मासो मारूचो नाय. नुसतो मोजूचो."

तीन वर्षांपूर्वी तिच्याच चुडीची कोकणी आवृत्ती निघाली. जवळ्यासाठी. परवाना कायदेशीर, हाक बारा मैल जाणारी. एका बोटीवर तिच्या संशोधनाचं नाव रंगवलेलं दादाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून तो बहिणीशी तिसऱ्या माणसामार्फत बोलू लागला.

"जेवलंस गो?" वहिनीने विचारलं.

"जेवलंय. दादा कसो आसा?"

मागून कोणीतरी खोकलं. मग भिंतीला ऐकवावं तसा आवाज आला, "सांग तिका, मी मराक नाय अजून."

"ते म्हणतत, बरे आसत," वहिनी म्हणाली.

अक्षताला हसू आलं. ती थकली होती म्हणून असेल, पण तिने वहिनीला सविताचं सगळं सांगितलं. पडदा लाल आहे, मोजणी वाढलीय, आणि बेटावर पिल्लं उपाशी मरतायत. हे कसं, कळत नाही.

फोनवर दादाचा आवाज आला, वहिनीला उद्देशून, पण मुद्दाम मोठा. "गो, तिका इचार. मोजता खंय? दिव्याखाली मा? दिव्याखाली बसान बघलं तर दर्या भरलेलोच दिसतलो! ह्याच तर ते बोटवाले कोर्टात सांगी होते. 'साहेब, मासो भरपूर आसा, आमच्या बोटीखाली बघा.' इतक्या शिकान तिका ह्या कळणा नाय?"

वहिनी काहीतरी सारवासारव करत राहिली. अक्षताने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

ती ते वाक्य सोळाव्या वर्षी कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकून आली होती. बोटवाल्याच्या वकिलाने ते म्हटलं तेव्हा तिच्या गावच्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या होत्या. एवढं वेडगळ होतं ते. तिने त्याच वेडगळपणावर प्रबंध लिहिला, पारितोषिकं घेतली, मंडळाच्या नियमात तो घातला. परिघातली क्रिल गोळा करून तिचं माप घ्यायचं आणि तेच माप सगळ्या समुद्राला लावायचं. लग्नाच्या पंगतीत माणसं मोजून गावची लोकसंख्या सांगावी तसं. आणि हे चार वर्षांत कोणाला खुपलं नाही, कारण आकडा सगळ्यांना हवा तोच येत होता.

*

"दिवा विझवा," ती दाणींच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली.

दाणींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. हुशार माणसाला वाईट बातमी लवकर कळते आणि तेवढ्याच लवकर तो तिच्या बाजूने वाट काढतो.

"समजा तू म्हणतेस ते खरं," ते म्हणाले. "परवा तू बैठकीत सांगितलंस की चार वर्षांची मोजणी चुकीची. पुढे काय होईल? या मोजणीवरून ठरलेला कंपन्यांचा कोटा थांबेल? नाही. ते म्हणतील, पद्धत सदोष, फेरतपासणी करा, समिती नेमा. समितीच्या नावाखाली कंपन्या आणखी तीन मोसम धुऊन नेतील. आणि आपलं काय? चुडीमुळे हे जहाज स्वस्तात चालतं म्हणून मोहीम जिवंत आहे. चूड गेली की हे पर्यटनवाल्यांना विकतील. नव्वद माणसं घरी. मग इथे मोजायलासुद्धा कोणी नसेल. आज निदान आपण इथे आहोत."

"आपण इथे असून काय करतोय, सर?"

"साक्षीदार आहोत."

"साक्षीदार गप्प बसला की त्याला काय म्हणतात?"

दाणींनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "अक्षता, मी दमलोय गं. मला भांडायचं नाही आता."

"मीही दमलेय. म्हणून तर सरळ मागतेय. दोन दिवस दिवा बंद. बस."

त्यांनी बराच वेळ टेबलावरच्या चहाच्या डागावर बोट फिरवलं. मग नोंदीत लिहवून घेतलं: चूड सफाईसाठी बंद. सरकारी नोकरीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एवढी वाट पुरते.

दिवा विझला. प्रयोगशाळेत अक्षता आणि सविता पडद्यासमोर बसून राहिल्या. लाल ढग आधी तसाच थांबला, गोंधळल्यासारखा. मग त्याची एक कड लांबली, शेपूट फुटली, आणि अख्खा थवा हलायला लागला. विखुरला नाही. एका दिशेने निघाला. उत्तरेला.

"तिकडे काय आहे?" सवितानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

उत्तरेला राखीव समुद्राची हद्द होती. हद्दीबाहेर मासेमारीची जहाजं एका ओळीत उभी होती, तरंगते कारखानेच ते. प्रत्येकाच्या पोटाखाली अक्षताचा दिवा. हद्दीच्या आत जाळं टाकायला बंदी आहे. हाक मारायला बंदी कोणत्याही कायद्यात नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी पाण्यावर रेघ मारली आणि क्रिलला ती वाचता येईल असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर खोल पाण्यात फिकट गुलाबी धूसर पट्टा तेवढा उरला. यंत्राने त्यालाही 'क्रिल' म्हणून खूण केली आणि आकडा दिला. आकडा बरा होता.

"हे क्रिल नाही," सविता म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं. पण यंत्राला सावली दिसते, जीव दिसत नाही. पाण्यातून वर काढून हातात धरल्याशिवाय कोणी मानणार नाही."

वर काढायचं म्हणजे जाळं. चूड आल्यापासून या जहाजावर जाळं टाकलं गेलं नव्हतं. जाळं ओढायचं यंत्र, विंच, गंजून बसलं होतं. त्याची दुरुस्ती दरवर्षी अनावश्यक म्हणून कापली जायची.

*

हनीफभाई जहाजाचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. दाभोळकडचे. त्यांनी विंचवर लाथ मारली. ती हलली नाही.

"हिचा फातिहा वाचा मॅडम," ते म्हणाले. "जाळं मात्र आहे. तळघरात उंदीर नाहीत म्हणून शाबूत राहिलं. गोल कड्याचं, जुनं. पण दोनशे मीटर रस्सी, खाली वजन, वर लाट. हातानं ओढायचं म्हणजे माणसं लागतील. पंधरा-वीस."

"खलाशी देता येतील?"

"हुकूम आणा, देतो. हुकूम नसेल तर मी फक्त विचारू शकतो."

हुकूम येणार नव्हता. दाणींनी आपल्याला यातलं काही माहीत नाही असं सांगून ठेवलं होतं. म्हणून जेवणाच्या वेळी अक्षता मेसमध्ये उभी राहिली. ताटांचा आवाज थांबला. तिला भाषणं देता यायची, पण ती परिषदांमध्ये.

"आमच्या गावात रापण ओढतात," तिने सुरुवात केली. "किनाऱ्यावर उभं राहून दर्यातलं जाळं दोन्ही टोकांनी ओढायचं. त्याचा एक रिवाज आहे. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो जाळ्याचा मालक असो, वाटेने जाणारा पाहुणा असो, नाहीतर भांडून बोलणं बंद केलेला चुलता असो. वाट्याला नाही म्हणता येत नाही. देणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मला आज एक जाळं ओढायचंय. हुकूम नाही. जाळ्यात बहुतेक काही येणार नाही, आणि काही आलं नाही तर त्याचा बोभाटा होणार. चौकशी होईल, माझी चूक बाहेर येईल, कदाचित पुढच्या वर्षी हे जहाज नसेल. दोरीला हात लावलात तर तो वाटा तुमचा. म्हणून आधी सांगतेय."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पीटर डिमेलोचं डोकं बाहेर आलं. जहाजाचा भंडारी, म्हणजे मुख्य आचारी, वसईचा, गोल आणि रागीट.

"मॅडम, म्हणजे तुम्ही आम्हाला शिव्या वाटून घ्यायला बोलावताय?"

"हो."

"आजपर्यंत सायंटिस्ट लोकांनी बोलावलं ते फोटो काढायला. तेही आम्हाला कडेला उभं करून." त्याने हात पुसले. "राजमा गॅसवर आहे. लवकर ओढा."

कोणीतरी हसलं. पण बरीच माणसं उठली नाहीत. इंजिन विभागाची टेबलं मान खाली घालून जेवत राहिली. घरं होती, पोरं होती. अक्षताला त्यांचा राग आला नाही. राग कोणाचा करायचा ते तिला आता नीट कळलं होतं आणि त्यातला कोणी त्या खोलीत नव्हता, एक ती सोडून.

*

डेकवर सोळा जण जमले. वारा सुईसारखा होता. जाळं पाण्यात गेलं, रस्सी सरसरत सुटत राहिली, आणि मग ती ताठ झाली.

हनीफभाईंनी ओळ लावली. पुढे स्वतः, मग खलाशी, मध्ये पीटर अॅप्रनसकट, मागे सविता, सगळ्यात शेवटी अक्षता. "हय्या" म्हटलं की ओढायचं, "थांब" म्हटलं की पाय रोवायचे. पहिल्या दहा ओढींतच तिच्या खांद्यांनी तक्रार केली. रापणीची दोरी तिने शेवटची ओढली त्याला तीस वर्षं झाली होती. तेव्हा पुढे बाबा आणि मागे दादा असायचा, आणि दादा तिच्या वेणीला हिसका देऊन म्हणायचा, ओढ गो, नुसती लोंबकळू नको.

दाणी आले. जाड कोट घालून, हात खिशात खोल घालून, कठड्याला टेकून उभे राहिले. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हय्या!"

"पीटरभाय, जोर लावा, मसाला नाय वाटायचा!"

"तू गप. संध्याकाळी तुझ्या ताटात काय पडतं बघ."

अर्ध्याहून जास्त रस्सी आत आली होती तेव्हा ती लाट आली. मोठी नव्हती, पण तिरकी. जहाज कलंडलं, ओल्या पत्र्यावर हनीफभाईंचा पाय सटकला, त्यांच्यामागचे दोघे त्यांच्यावर पडले आणि रस्सी सुटली. साप निघावा तशी ती सगळ्यांच्या हातमोज्यांतून निसटत कठड्याकडे धावली. अक्षता ओरडली. काय ओरडली ते तिलाही कळलं नाही.

कठड्यापाशी दाणी होते. त्यांनी विचार केला नाही. विचार केला असता तर त्यांनी हात बाहेर काढले नसते. चाळीस वर्षं ते विचार करूनच जगले होते. त्यांनी उघड्या हातांनी रस्सी पकडली, कठड्याला गुडघा लावला आणि मागे झुकले. दोरी त्यांच्या तळव्यांतून वीतभर घासत गेली आणि थांबली. तोवर बाकीचे उठून आले.

"हय्या!" हनीफभाई ओरडले, आवाज फाटेपर्यंत.

दाणी रस्सी सोडायला विसरले. शेवटपर्यंत ओढत राहिले. त्यांचं रक्त रस्सीला लागून मागच्यांच्या मोज्यांवर येत होतं.

जाळं वर आलं. जड होतं. क्षणभर सगळ्यांना वाटलं की मॅडम चुकल्या, आणि खुद्द मॅडमनी मनातून देवाला हात जोडले की मी चुकलेली असू दे.

जाळ्यातून डेकवर चिकट, पारदर्शक गोळे ओघळले. सॅल्प. पाण्याने भरलेल्या पिशव्यांसारखा जीव. क्रिल गेली की तिची जागा घेतो. पेंग्विनाचं त्याने पोट भरत नाही. सवितानं गुडघ्यांवर बसून तो सगळा ढीग हातांनी चाळला. तिला क्रिल सापडली. एकच. तिने ती तळहातावर धरली. तिच्या पोटाखालचे निळे दिवे दोनदा लुकलुकले. जवाब द्यायला कोणी नव्हतं.

अक्षता खाली बसली आणि ढिगाचे वाटे करायला लागली. हे तिने ठरवून केलं नाही; हातांना सवय होती. गोळे उचलायचे, ओळीने छोटे छोटे ढीग लावायचे, कमीजास्त दिसलं तर इकडचं तिकडे.

"मॅडम," पीटर हळूच म्हणाला, "याचं मी काय करू? कालवण?"

"काही करू नका. हा तुमचा आहे, एवढंच."

तिने सोळा ढीग लावले. मग दाणींकडे बघितलं आणि सतरावा लावला.

"मी फक्त दोरी धरली," दाणी म्हणाले. सविता त्यांच्या तळव्यांवर पट्टी गुंडाळत होती.

"आमच्याकडे तेवढंच लागतं, सर."

*

बैठक पडद्यावर झाली. मंडळाची माणसं आपापल्या देशांतल्या उबदार खोल्यांत बसली होती. अक्षताने आकडा वाचला नाही. ती म्हणाली, माझ्या दिव्याखाली जे दिसतं तो समुद्र नव्हे, आणि समुद्र कसा आहे ते आता दाखवते. तिने जाळ्यातल्या सॅल्पने भरलेली बरणी वर धरली. चार वर्षांची मोजणी मागे घेत असल्याचं सांगितलं.

अध्यक्षबाईंनी अतिशय सभ्यपणे विचारलं की हा एका वैज्ञानिकाचा व्यक्तिगत ग्रह आहे की मोहिमेचं म्हणणं?

खोलीत दाणी तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. पांढऱ्या पट्ट्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसल्या.

"मोहिमेचं," ते म्हणाले. "जाळं मीही ओढलंय."

यातून जग बदललं असं कोणी समजू नये. कोट्यातली वाढ पुढल्या बैठकीपर्यंत थांबली. वाढ तेवढी थांबली, आधीचा कोटा तसाच राहिला. हद्दीवरचे दिवे जळतच होते. कायदा तज्ज्ञांकडे गेला, आणि तज्ज्ञांकडे गेलेली गोष्ट लवकर परत येत नाही. 'हिमतरंग'ला मोहीम अर्धवट सोडून परतायचा आदेश आला. हनीफभाईंनी तो डेकवर वाचून दाखवला. पीटर म्हणाला, "चला, राजमा संपला तरी."

जहाज उत्तरेला वळलं. अक्षताने घरी फोन लावला. वहिनीने उचलला, हॅलो म्हणाली, आणि मग फोन ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आयकलंय बातम्येत," दादा म्हणाला. तीन वर्षांनी थेट तिच्याशी. आवाज जाड झाला होता, बाबांसारखा. "हातान ओढलास म्हणे."

"होय."

"काय गावला?"

"कायच नाय, दादा."

पलीकडे नुसता समुद्राचा आवाज येत राहिला. मालवणचा.

"वाटे केलंस?"

"केलंय. सगळ्यांका सारखे."

दादा खोकला. मग म्हणाला, "मगे माझो वाटो खंय?"

"तुझो हात खंय लागलो दोरीक?"

"गो, शेवटाक तू होतंस ना? तुझ्या मागे कोण असता नेहमी?"

खिडकीबाहेर हद्दीवरच्या जहाजांची ओळ जवळ येत होती, एकामागून एक. अक्षताने फोन कानाला घट्ट धरला आणि शेवटचं जहाज मागे पडेपर्यंत तशीच उभी राहिली.